लोखंडी पेटीचं झाकण

बारामतीच्या पेट्यांच्या दुकानात मी बियाण्यासाठी डबा घ्यायला गेले होते. माझ्याआधी आलेले एक आबा काही केल्या हटेनात. बोलण्यातून कळलं, ते शेळगावचे, लोणी देवकरच्या एका कारखान्यावर बंदूकधारी रखवालदार. काडतुसं ठेवायला पेटी हवी होती. समोर एक लोखंडी आणि एक प्लॅस्टिकची ठेवून ते पुन्हा पुन्हा झाकणं उघडत आणि कान देऊन ऐकत. लोखंडी झाकण असं करकरायचं की माझे दात शिवशिवायचे.

"आबा, प्लॅस्टिकची न्या. हलकी हाय, गंजत न्हाय, रबरामुळं दमट हवाबी आत शिरत न्हाय," दुकानदार म्हणाला.

"बरोबर सांगतायत ते," मी वैतागून म्हटलं.

आबांनी लोखंडीच उचलली. दुकानदारानं हसत तेलाची बुधली घेतली. "थांबा, बिजागरीला तेल तरी सोडतो."

आबांनी बिजागरीवर पंजा ठेवला. "तेल नगं. नोकरीच बंदुकीची, काडतुसं घरात ठेवावीच लागत्यात. आधीची पेटी प्लॅस्टिकचीच व्हती. धाकट्या भावानं ती उघडली तवा मी पल्याडच्या खोलीत जागाच व्हतो. कायबी ऐकू आलं न्हाय. पयला आवाज आला त्यो बंदुकीचाच."

बुधली दुकानदाराच्या हातात तशीच राहिली. आबा पेटी काखेत धरून पायऱ्या उतरले. तिची कडी खडखडत होती. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत आम्ही दोघंही जागचे हललो नाही.