तिसऱ्या घंटेआधीचं जेवण

नाट्यगृहांच्या त्या गल्लीत तीन थिएटरं आणि अकरा रेस्टॉरंटं आहेत. अर्ध्या जगाचं जेवण तिथे मिळतं, फक्त ते घाईघाईत गिळावं लागतं. कारण सात, सव्वासात आणि साडेसातला पडदे वर जातात. इटालियन रेस्टॉरंटातल्या हेडवेटरने ही गोष्ट जरा जास्तच मनावर घेतली आहे. गल्लीत त्याला सगळे ‘तिसरी घंटा’ म्हणतात. तेही तोंडावर. त्याला ती पदवी वाटते.

गिऱ्हाईक आत आलं की हा भुकेची चौकशी करत नाही, तिकीट किती वाजताचं ते विचारतो. सातवाले दाराजवळ, साडेसातवाले आतल्या अंगाला. सातवाल्याने अख्खा मासा मागितला, तर हा चेहरा असा पाडतो की याच्या घरात कोणीतरी अत्यवस्थ आहे असं वाटावं. काटे काढत मासा खायला अकरा मिनिटं जास्त लागतात, हे त्याचं संशोधन. मग ते गिऱ्हाईक मुकाट्याने पास्ता मागवतं. तोही लांब शेवयांचा नाही, कारण शेवया गुंडाळण्यात चार मिनिटं जातात. शेवटचा घास उतरतो न उतरतो तोच बिल टेबलावर आणि कोट खांद्यावर. सव्वीस वर्षांत त्याच्या एकाही गिऱ्हाइकाचा पहिला प्रवेश चुकलेला नाही. एका म्हाताऱ्या जोडप्याला तर त्याने कॉफीच्या कपांसकट थिएटरच्या पायऱ्यांवर नेऊन सोडलं होतं आणि मध्यंतरात जाऊन कप परत आणले होते.

हा स्वतः मात्र स्वयंपाकघरात उभ्याने, सहा मिनिटांत जेवतो. सुट्टीच्या दिवशी घरीही तेच, ओट्याला टेकून. खुर्ची ही वस्तू इतरांनी बसावं म्हणून मागे ओढायची असते, अशी त्याची समजूत असावी.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बायकोने सांगितलं, दागिना नको, सहल नको. एकदा माझ्यासमोर बसून पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत जेवा, मध्ये उठायचं नाही. नाही जमलं तर यापुढे ताट वाढणार नाही. डबा भरून दाराच्या कडीला अडकवीन, येता-जाता खा. बाई कपडे शिवते. तिचं माप आणि तिचा शब्द, दोन्ही सहसा चुकत नाहीत. त्यामुळे याने एका संध्याकाळची रजा टाकली.

सहा वाजता दोघं समोरच्या जपानी रेस्टॉरंटात गेली. साडेसातच्या नाटकाची तिकिटं काढली आहेत, असं तिने जाता जाता सांगितलं, तेव्हा कुठे याच्या जिवात जीव आला. सूप आलं. दोन चमचे पोटात गेले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर चौघांच्या खिशातून सातची तिकिटं डोकावताना त्याला दिसली. सहा पंचवीस झाले होते आणि वेटर त्यांच्यापुढे आता कुठे शेगडी पेटवत होता.

याचा गुडघा टेबलाखाली नाचू लागला. बायकोने त्याच्या मनगटावर हात ठेवला. पंधरा मिनिटं तो हात पुरला.

“अगं, त्यांचा पहिला अंक जाईल,” असं म्हणत तो उठलाच.

त्याने शेगडी विझवली, भात बांधून दिला, कोट चढवले. मग पलीकडचं टेबल, मग त्याच्या पलीकडचं. वीस मिनिटांत त्याने अख्खं रेस्टॉरंट रिकामं केलं. त्यात एक गृहस्थ असे होते की त्यांच्याकडे कुठलंच तिकीट नव्हतं, बिचारे नुसते जेवायला आले होते. मालकीण हातात पळी घेऊन बघत राहिली.

सातला हा विजयी मुद्रेने परतला. बायको मांडीवर हात ठेवून बसली होती. सूप थंड झालं होतं.

“चल, ऊठ. आपलीही घंटा अर्ध्या तासावर आली.”

“तिकिटं उद्याची आहेत,” ती म्हणाली.

“मग आज साडेसात का सांगितलंस?”

“वेळ सांगितल्याशिवाय तुम्ही खुर्चीला टेकला असता का? बघा आता, कोणाला पोचवायचं राहिलंय का?”

त्याने सगळीकडे नजर फिरवली. ते बिनतिकिटाचे गृहस्थ फुटपाथवर बावरून उभे होते. तिने आधी त्यांना आत आणायला लावलं. मालकिणीने न सांगता सूप गरम करून दिलं. मग हा बसला.

पडद्याची वेळ नसताना कोणत्या वेगाने चावतात, हे त्याला माहीत नव्हतं. त्याची थाळी संपली तेव्हा बायकोचा चौथा घास चालला होता. उठायची तर सोय नाही, म्हणून तो तिच्याकडे बघत बसला. ती मशरूम एकेक वेचून ताटाच्या कडेला लावत होती.

“हे काय?”

“मला आवडत नाहीत.”

“कधीपासून?”

“लग्नाच्या आधीपासून.”

दर रविवारी तो रेस्टॉरंटातून खास तिच्यासाठी मशरूमचा पास्ता आणत आला होता. त्याचं काय करत होतीस, असं त्याने चाचरत विचारलं.

“शेजारच्या वहिनींना देते. त्या तुम्हाला फार मानतात.”

त्याने तिचं ताट पुढे ओढलं आणि कडेचे मशरूम एकेक करून खायला लागला.

“अजून काय काय आवडत नाही, सांग.”

बायको खुर्चीत नीट मागे टेकून बसली. यादी संपेपर्यंत मालकिणीला चहाची किटली तीनदा भरावी लागली.