आवाज बंद पडला की थांबायचं

आमच्या दिंद्रुडला कुणाच्या अंगात आलं की गर्दीतून उठून चहाला जाणारा पहिला माणूस मी. तेव्हा मला भोळा समजू नका. घडलं ते सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

परळीजवळच्या एका प्लांटमध्ये मी शंटिंगच्या कामाला आहे. स्टेशनवरून कोळशाच्या वाघिणी येतात आणि आमचं इंजिन त्या मागून ढकलत आत नेतं. ढकलताना ड्रायव्हरला पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून मी सगळ्यात पुढे चालतो आणि वॉकीटॉकीवर सारखा बोलत राहतो — येऊ दे... येऊ दे... बस. माझा आवाज बंद पडला की ड्रायव्हरने ब्रेक मारायचा. का, कशाला, विचारायचं नाही. माझा जीव या एका नियमावर.

ड्रायव्हर आमचे यासीनमामू. या कामात केस पिकले त्यांचे, पण चूक कधी नाही.

त्या दिवशी टळटळीत दुपार होती. प्लांटमधल्या फाटकापाशी रूळ ओलांडताना कोळशाच्या भुकटीवरून पाय सटकला आणि बूट रुळालगतच्या फटीत असा अडकला की निघेना. हातातला सेट उडाला. सेट एकीकडे, बॅटरी एकीकडे. म्हटलं, जाऊ दे, आवाज बंद झाला, आता मामू थांबतील.

वाघिणी थांबल्याच नाहीत!

मी बोंबललो. वर कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याची धडधड एवढी, की माझं मलाच ऐकू येईना. बुटाची नाडी सुटेना. धाकट्या पोरीचं तोंड डोळ्यांपुढे आलं. वाघीण हात लांब केला तर लागेल इतकी जवळ आली... आणि थांबली.

मग कुठे नाडी सुटली. एका पायात बूट, तसाच लंगडत इंजिनापाशी गेलो आणि मामूंवर तुटून पडलो.

"आवाज बंद पडल्यावर थांबायचं, कळत न्हाई तुमाला? मारलं असतं की मला!"

मामू इंजिनातून खाली उतरले. "कावून खोटं बोलतो बे दत्त्या? आवाज कवा बंद पडलता? येऊ दे, येऊ दे, तूच तर म्हणत होतास. मग बस म्हणलास, तवा थांबलो."

मी बॅटरी निघालेला सेट त्यांच्या हातावर ठेवला.

"अल्लाकसम," मामूंचा आवाज उतरला. "तुझाच आवाज होता. लई शांत."

पुढे चौकशी झाली, सगळ्यांचे सेट तपासले. काही निघालं नाही. मीही डोकं लावून दमलो.

आता ढकलताना मामू मधेच विचारतात, "डब्यात काय हाय बे?" भाजीचं नाव सांगितल्याशिवाय इंजिन पुढे सरकत नाही. माझ्या आवाजावर त्यांचा भरवसा उरला नाही, आणि खरं सांगू? माझाही नाही.

बायको म्हणते, ज्यानं 'बस' म्हणून तुम्हाला वाचवलं, त्याला नारळ तरी फोडा. तिला काय सांगू... मी गप्प झाल्यावर 'येऊ दे' म्हणणाराही तोच होता.

नारळ आणून ठेवलाय. अजून फोडलेला नाही.