त्याच्या खलनायकाला आई होती

मंगळवारी सकाळी दत्ता गेला. त्याच्या नातीचा, गौरीचा फोन आला तेव्हा मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "आजोबा, आमचे आजोबा गेले." मी "बरं" म्हणालो आणि पेपरची घडी घातली.

त्याच्या दोन महिने आधी गौरी आम्हा दोघांना ठाण्यात एका सिनेमाला घेऊन गेली होती. उडणारा नायक, जग नष्ट करायला निघालेला खलनायक. दत्तानं स्वतःच्या चष्म्यावर तिथला थ्रीडीचा काळा चष्मा चढवला होता. मध्यंतरात म्हणाला, "मास्तर, याला जग नष्ट करून राहायचंय कुठे?" पुढच्या रांगेतली मुलं वळून हसली. त्याला मात्र खरंच उत्तर हवं होतं. साठाहून अधिक वर्षं तो हाच प्रश्न विचारत होता, आणि पहिल्यांदा विचारला तो मला, कल्याणात.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलेलो, दत्ता रेल्वेच्या कचेरीत कारकून. गावाबाहेरच्या मैदानात तंबूतला सिनेमा यायचा. जमिनीवर बसून आम्ही बुरखेवाल्या वीरांचे, चाबकाचे, घोड्यांचे सिनेमे पाहायचो. त्याच धर्तीवर मी आमच्या आळीच्या गणपतीसाठी नाटक लिहिलं. नायक बुरखेधारी, 'काळा वाघ'. त्याचा बुरखा माझ्या वडिलांच्या जुन्या छत्रीच्या कापडाचा. खलनायक म्हणजे गरिबांची मिठागरं बळकावणारा रावसाहेब. रावसाहेबाचं काम अर्थातच दत्ताकडे. आदल्या वर्षी त्यानं दुष्ट सावकार असा रंगवला होता की दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि त्याला वगळून पुढे गेल्या.

वाचन संपल्यावर तो म्हणाला, "हा रावसाहेब घरी जातो की नाही?"

"म्हणजे?"

"अरे, सारखा हा हा हा हसतो. याला कुणाचीच फिकीर नाही. असा माणूस उद्या कंटाळून निघून जाईल, त्याला कोण भिणार? याला आई दे. आजारी आई. तिच्यासाठी करतोय म्हण, मग बघ, हा थांबणारच नाही." आणि बुरखा हातात घेऊन, "आणि हा काढला तर वाघाचं काय जाईल? काहीच जाणार नसेल तर कशाला घालतोय? उकडतं त्यात."

मी चिडलो. पण घरी जाऊन आईचा प्रवेश लिहिला. आईचं काम पोस्टातल्या भिडेंना दिलं, त्यांनी त्यासाठी मिशी काढली.

त्याच दिवसांत दत्ताचं लग्न जुळत होतं. ठाण्याला मुलगी पाहायला मीही गेलो होतो. मुलीला काही विचारा म्हटल्यावर त्यानं विचारलं, "सिनेमा पाहता का?" वडीलधारे खाकरले. मुलगी, सुमती, खाली मान घालून म्हणाली, "मारामारीचे." परतताना हा वेडा झाला होता. "मास्तर, मारामारीचे म्हणाली रे!" पण मुलीच्या वडिलांनी, अण्णांनी, होकार दिला नव्हता. मुलाचं वळण पाहायचं म्हणाले, आणि निरोप आला की ते सहकुटुंब आमच्या नाटकाला येणार.

मला काकूंचा प्रसाद आठवला. मी दत्ताला म्हणालो, "तू वाघ हो. रावसाहेब मी करतो." सगळ्यांना सगळ्यांचं पाठ होतं. तो नखं पाहत म्हणाला, "तिच्यासाठी हो म्हणतोय. नाटकाचं वाटोळं होईल."

तसंच झालं. माझा रावसाहेब मिठागर जप्त करताना शाळेची हजेरी घेतोय असा बोलत होता. दत्ताचा वाघ खांबासारखा उभा. पडद्याच्या फटीतून मला अण्णा दिसत होते, उपरण्यानं वारा घेत होते. मध्यंतर झालं. ते उठून उभे राहिले, ठाण्याची गाडी गाठायची होती. दत्तानंही ते पाहिलं. छत्रीचं कापड माझ्या अंगावर टाकत म्हणाला, "काढ तो कोट."

"अरे, लोक काय म्हणतील?"

"वाघाला तोंड कुठेय? आणि रावसाहेबाचं मी बघतो. काढ."

पडदा उघडला, दत्ता कोट घालून आला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "हां, आत्ता आला खरा!" हशा झाला. मग दत्ता भिडेंच्या पायाशी बसला, त्यांचे पाय चेपू लागला. हशा थांबला. "आई, सकाळपर्यंत सगळं आपलं होईल," एवढंच वाक्य होतं. त्यानं ते इतकं हळू म्हटलं की लोक पुढे सरकले. शेवटी त्यानं माझा बुरखा ओढायला हात घातला. मी वाक्य विसरलो आणि खरोखर लटपटू लागलो. पुढच्या रांगेतली एक बाई कळवळून म्हणाली, "नको रे, ओढू नको!"

नाटक संपल्यावर अण्णा आत आले. दत्ताचा रंग अजून पुसायचा होता. त्यांनी विचारलं, "आईचे पाय खरंच कधी चेपलेत का हो?"

"रोज," दत्ता म्हणाला. "ती होती तोवर."

आठवड्यानं अण्णांचं पत्र आलं, मुहूर्त पाहावा म्हणून.

पुढे दत्तानं डोंबिवलीत बिऱ्हाड केलं, आणि मी दर रविवारी तिथे जेवलो. नोकरीत त्याला छळणाऱ्या एका साहेबाबद्दल तो मला एकदाच बोलला. "त्याच्या घरी कोण आजारी आहे कळत नाही," म्हणाला, आणि वाढायला सांगितलं. त्याचं हे म्हणणं मला तेव्हा भाबडं वाटायचं. आता वाटतं की नाटकाबद्दल तो जे बोलायचा ते त्याला माणसांवरून सुचलेलं होतं.

तेराव्यानंतर मी सुमतीवहिनींना भेटायला गेलो. त्या रात्रीचा विषय निघाला. मी म्हणालो, "अण्णा मध्यंतरात उठले होते. कसे थांबले कोण जाणे."

वहिनी थोडं हसल्या. "मी सांगितलं, माझी चप्पल सापडत नाहीये. शोधत बसले बिचारे. मी चपलेवर बसले होते."

"दत्ताला माहीत होतं?"

"लग्नानंतर सांगितलं, तीच चूक झाली. तेव्हापासून मी कुठे निघाले की हे माझी चप्पल लपवून ठेवायचे. भाजीला निघाले तरी. परवापरवापर्यंत... कधी कपाटावर, एकदा तर तांदळाच्या डब्यामागे. शोधताना दहा मिनिटं जायची."

मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. त्यांनाही खाली वाण्याकडे जायचं होतं. दोन्ही चपला दाराशीच होत्या.