सातचा आकडा

लाठी मारणाऱ्या त्या पोलिसाचा चेहरा मला कधीच दिसला नाही, म्हणून मी पुढे भेटेल त्याच्यावर चिडत राहिलो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून आबा, म्हणजे माझे वडील, लालबागला घरी परतत होते. डोकं वाचवायला त्यांनी डावा हात वर केला. मनगट मोडलं आणि मनगटावरचं घड्याळही. हाड वाकडंच जुळलं. मागावर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला गिरणीने सांगितलं, असा हात आता कामाचा नाही.

मनगट दुरुस्त करणं माझ्या हातात नव्हतं. घड्याळ तरी होतं तसं करून द्यायचं, असं मी घेऊन बसलो. अस्सल स्विस घड्याळ ते. त्यातली तबकडी आणि काटे तेवढे शाबूत होते. माझगावच्या गोदीबाहेर त्याच नावाचं नकली घड्याळ मिळालं. दोन्ही घेऊन मी गिरगावात एका जिन्याखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलो. नकलीच्या यंत्रावर आबांची तबकडी बसवा, म्हटलं.

तबकडीच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते यंत्राच्या भोकांत बसतात. या यंत्राची भोकं भलतीकडेच होती. "पाय कापून चिकटवावी लागेल. केसभर तिरकी बसेल, चालेल ना?" त्याने विचारलं. मी धड न ऐकताच मान हलवली.

आठवड्याने घड्याळ हातात आलं. चालत होतं, पण बाराचा आकडा उजवीकडे कललेला. माझं डोकंच फिरलं.

"काका, वाकड्या मनगटावर वाकडं घड्याळ देऊ मी माझ्या बापाला?"

"हे बघ, नकलीत अस्सल घालायचं तर कुठेतरी पड खावीच लागते. वेळ बरोबर दाखवतंय ना? आता तबकडी उचलली तर रंगाचा टवका उडेल."

"उचला."

"एकदा वडिलांना दाखव तरी."

"उचला म्हणतो ना!"

जिना उतरणारी माणसं थबकून बघायला लागली. म्हाताऱ्याने डोळ्याला भिंग लावलं आणि तबकडीखाली पातं सरकवलं. तबकडी सरळ झाली. सातचा आकडा मात्र टवक्याबरोबर निघून गेला आणि तिथे नुसता पत्रा दिसू लागला.

मी त्यालाच शिव्या घातल्या. दोनदा बजावलं होतं बिचाऱ्याने! आज त्या शिव्या आठवल्या की माझा मलाच संताप येतो. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अजूनही भिंतीवरची तसबीर जरा कलली की मी घर डोक्यावर घेतो.

घरी आबांनी घड्याळ बांधायला घेतलं. त्यांना पट्टा आवळता येईना, तो मी आवळला. ते तबकडीकडे बघत होते आणि मी घड्याळजीच्या नावाने खडे फोडत होतो.

"जांवदे रे," आबा म्हणाले. "सातचो आकडो नाय तर नाय. सातांक भोंगो वाजताच मा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा वाजला. चाळीतले शेजारी डबे घेऊन जिना उतरत होते. आबांनी अंथरुणातच मनगट वर करून घड्याळ पाहिलं. "बरोबर आसा," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवे झाले.