अण्णा रडले नव्हते

"सळई खांद्यावर बसताच अण्णा मोठ्याने रडू लागले."

आमच्या समाजाच्या स्मरणिकेत छापायला निघालेले हे वाक्य माझ्या थोरल्या भावाविषयी आहे. ते गेल्या वर्षी वारले. स्वतःची बाजू मांडायला आता येणार नाहीत. लिहिणारा त्यांचा नातजावई, मूळचा पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. त्या दुपारी तो तेथे नव्हता. मी होतो.

पुण्यातल्या नव्हे, इथल्या कानडी मुलखातल्या शिवाजीनगरातील आमच्या शिंपीदुकानाच्या पायरीला चिकटून दोघांनी स्कूटर लावली. अण्णांनी ती काढायला सांगितली. एक जण सळई घेऊनच आत आला. पहिल्या फटक्यात काचेचे कपाट गेले, दुसऱ्यात अण्णांचा खांदा. हाड मोडल्याचा कोरडा आवाज मी ऐकला. दुसऱ्याने माझे डोके कापड बेतण्याच्या टेबलावर आपटले. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि तोंडात रक्त आले तरी सोडला नाही. तिसरा फटका अण्णांच्या डोक्यावर यायचा होता, तेव्हा ते ओरडले: "एल्लारू बन्नि." सगळे या.

साक्षीत मी कन्नडमध्ये सांगितले, 'जोरागि कूगिदरु', जोरात ओरडले. वकिलाच्या टायपिस्टने इंग्रजी प्रतीत 'क्राइड' असे लिहिले. त्यात चूक नव्हती. त्या 'क्राइड'चे 'रडले' केले ते पुण्याच्या मराठीने.

नातजावयाला बोलावून मी शब्दकोश पुढे ठेवला. 'क्राय' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तो ओरडणे या अर्थाने. फेरीवाल्याच्या आरोळीलाही हाच शब्द. अश्रू त्याला फार नंतर चिकटले. त्याचे मूळ लॅटिन. एका जुन्या मतानुसार त्या क्रियापदाचा अर्थ रोमच्या नागरिकांना मदतीसाठी हाक मारणे. अण्णांनी शिवाजीनगरच्या नागरिकांना तशीच हाक मारली.

त्याने मोबाईलमध्ये डोके घातले आणि हसून म्हणाला, "आजोबा, दुसरं मत असं आहे की तो डुकराच्या किंचाळण्यावरून आलाय."

"सरी, बरं. मग डूकर लिही," मी म्हणालो. "डूकरसुद्धा सुरी पाहून रडत बसत नाही."

तरी त्याचा हट्ट सुटेना. पुरुषाने रडण्यात लाज कसली, वाचकांना तेच भिडेल, असे तो मला समजावू लागला. मला रडण्याची लाज नाही. इस्पितळात परिचारिकेने अण्णांचा सदरा कात्रीने उभा कापला तेव्हा ते ढसाढसा रडले. तो त्यांनी स्वतः शिवलेला होता. ते खुशाल छापा. पण सळईपुढे रडणारा माणूस मार संपण्याची वाट पाहतो, आणि हाक मारणारा लढत असतो. माझ्या भावाला मेल्यानंतर त्या रडणाऱ्यांच्या रांगेत बसवण्याचा अधिकार मी कुणालाही दिलेला नाही.

स्मरणिकेच्या संपादकांचे म्हणणे, आता साक्षीदार एकटा मीच, तोही भाऊ, तेव्हा माझ्या कानांवर किती विसंबावे. माझे कान बाजूला ठेवा. त्या दुपारी दुकानात सर्वांत आधी धावत शिरला तो गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला दिवसभर पत्रा ठोकत बसणारा कारागीर, आणि त्याच्या हातात अजून हातोडा होता.