दोन दिवस आधीचं औक्षण

जर्मनीत बॉबलिंगेनला आमचे घरमालक तळमजल्यावर एकटे राहायचे. वंशाने बॅरन, धंद्याने बँकर आणि तीनदा राज्याच्या विधानसभेवर निवडून गेलेले, म्हणजे आपल्या भाषेत माजी आमदार. पण मागेपुढे कार्यकर्ते नाहीत, आणि केअरवोखे, म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आली की स्वतः बादली घेऊन उभे. मी पुसलेला जिना त्यांना कधीच पसंत पडला नाही. किताबाचं विचारलं तर म्हणायचे, तो आता दारावरच्या पाटीपुरता उरलाय. पणजोबांनी काढलेली बँक त्यांनी एका मोठ्या बँकेला विकून टाकली. जिला ती चालवायची होती, त्या एकुलत्या एक मुलीने त्यानंतर अकरा वर्षं घरात पाऊल टाकलं नव्हतं.

ऐंशीव्या वाढदिवसाला ती येणार होती. रविवारी. महिनाभर म्हाताऱ्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. खिडक्या धुऊन झाल्या, आणि हल्ली ती मांसमच्छी खात नाही म्हणून काय रांधायचं, याबद्दल माझ्या बायकोची दोनदा उलटतपासणी झाली.

आम्हाला मात्र शुक्रवारी येना शहरात माझ्या बहिणीकडे जायचं होतं. बायको म्हणाली, निघण्याआधी खालच्या आजोबांना ओवाळू या. आपल्याकडे सोय बघून वाढदिवस मागेपुढे करतातच. इथे आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात, हे नऊ वर्षांत ऑफिसमध्ये मला चांगलं कळलं होतं. तरी मी गप्प बसलो. एवढा शिकलेला बँकर असलं काही मानत असेल असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर डिकीत सामान भरायची घाई होती.

निरांजन बघून ते हसले. बायकोने कुंकू लावलं, ओवाळलं आणि शुभेच्छा दिल्या, तसा त्यांचा चेहरा उतरला.

"आल्झो, हे बघा, आज नाही. रविवारी," एवढंच म्हणाले आणि दार हळूच लावून घेतलं. गाडीत मी बायकोला सगळं समजावलं.

रविवारी संध्याकाळी परतलो तर जिन्यात एक पन्नाशीची बाई बसलेली, मांडीवर केकचा खोका. ती मुलगीच होती. दुपारी बेल वाजवून थकल्यावर तिने चावीवाल्याला बोलावून दार उघडून घेतलं होतं. आदल्या रात्रीच झोपेत गेले, असं डॉक्टर म्हणाले.

मी औक्षणाचं सांगून टाकलं. दोन शब्द ऐकून घ्यायची तयारी होती. पण तिला ते आधीच ठाऊक होतं. शुक्रवारी वडिलांनी तिला फोन केला होता.

"म्हणाले, वरच्या लोकांनी आधीच शुभेच्छा दिल्यात, आता रविवारची वाट बघू नकोस, आजच ये." तिने खोका पायरीवर ठेवला. "मी हसले. म्हटलं, पप्पा, ठरल्याप्रमाणे रविवारीच येते."

आमची चूक तिने सगळी स्वतःवर ओढून घेतली होती. मला त्या क्षणी हलकं वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.