राणीच्या मानेवरची रेघ

भिंगवाल्यांचं नाव आयुष्यात एकाच ठिकाणी छापून आलं होतं, ते म्हणजे पाण्याच्या बिलावर, आणि तेही चुकीचं. पस्तीस वर्षं दारोदार फिरून लोकांचे पाण्याचे मीटर वाचले, त्याचं हे फळ. बायको पोट धरून हसली होती. भिंगवाले हसले नव्हते. कुठेतरी आपलं नाव नीट छापून यावं, ही त्यांची जुनी हौस होती, आणि ती पुरवायला त्यांनी निवडलेला रस्ता म्हणजे घाटच.

छंद जुन्या टपाल तिकिटांचा. त्यातही दुर्मीळ वगैरे काही नाही. इंग्लंडच्या राणीचं डोकं असलेलं एकच तपकिरी तिकीट, जे त्या काळी तिकडे घरोघर होतं आणि आजही ढिगानं मिळतं. छपाईच्या एका पत्र्यावरून दोनशे चाळीस तिकिटं एकदम छापत. कोपऱ्यातल्या दोन अक्षरांवरून कुठलं तिकीट कितव्या जागचं, ते कळे. पत्रा झिजला, कुठे चरा पडला, की त्या जागच्या तिकिटावर तो उमटायचा. भिंगवाले असले चरे हुडकत बसत.

"चांगल्यात खोट काढायची सवय," बायको म्हणे, "मला बघायला आलात तेव्हाच ओळखायला हवी होती."

अकरा वर्षांपूर्वी त्यांना एका तिकिटावर राणीच्या कानाखालून मानेपर्यंत गेलेली पांढरी रेघ सापडली. केसाहून बारीक, आणि कुठल्याच यादीत नसलेली. ते धावत संग्राहक मंडळाच्या सचिवांकडे गेले. सचिव म्हणजे निवृत्त भूमितीचे मास्तर. त्यांनी तिकीट उलटसुलट पाहिलं. "एकावर आहे तो अपघात. छापताना कागदावर धागा पडला असेल. त्याच अक्षरांचं, हीच रेघ असलेलं दुसरं आणा, मग तो पत्र्याचा दोष. यादीत घालू, तुमच्या नावानं."

झालं. अकरा वर्षं हा माणूस टेबलावरून उठला नाही म्हटलं तरी चालेल. जेवायला बसले तरी डोकं तिकिटांत. बायको काही विचारी, ते "हं" म्हणत. आता वय त्र्याहत्तर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि दर बारा वर्षांनी निघणारी मंडळाची यादी येत्या रविवारी छपाईला जाणार होती. पुढच्या यादीपर्यंत आपण टिकत नाही, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं.

बुधवारी बायकोनं एक तिकीट पुढे केलं. "तुमच्या जादाच्या डब्यात होतं. बघा बरं."

तीच अक्षरं, तीच रेघ. भिंगवाल्यांनी सचिवांना फोन केला, शेजाऱ्याला दारात गाठून पाऊण तास पत्रा म्हणजे काय ते समजावलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते जेवताना सारखे बोलत होते. मीटरवर बसलेल्या सापाची गोष्टसुद्धा त्यांनी नव्यानं सांगितली, आणि बायकोनं ती नव्यानं ऐकली.

शुक्रवारी सकाळी रेघेचं वर्णन लिहायला ते खिडकीशी बसले आणि दोन्ही तिकिटांवर पुन्हा पुन्हा भिंग धरून बघत राहिले. पहिल्या तिकिटावर टपालाच्या शिक्क्याची काळी शाई रेघेच्या वरून गेली होती. तशीच जायला हवी; छपाई आधी, शिक्का नंतर. दुसऱ्यावर मात्र रेघेनं शिक्काही कापला होता. म्हणजे ती कुणीतरी आत्ता कोरलेली. कागद न फाटता, एक तंतू न उचकटता, सुईच्या टोकानं.

असा हात गावात एकच होता. त्यांची बायको रफूकाम करायची. जळक्या कोटाला तिनं रफू केलं की मालकालाच भोक सापडत नसे.

भिंगवाल्यांना आधी संताप आला. मग लाज वाटली, कशाची ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रविवारी ते मंडळात गेले आणि म्हणाले, "माझी बघण्यात चूक झाली." सचिवांनी कच्च्या यादीतली एक ओळ खोडली. मागून कुणीतरी हसलं.

घरी बायको एका कोटाची बाही मांडीवर घेऊन बसली होती. "आलं का नाव?"

"नाही. दुसऱ्यावरची रेघ शिक्क्यालाही कापून गेलीय."

तिची सुई थांबली. "डॉक्टर तर म्हणाले होते, तुम्हाला आता बारीक दिसत नाही."

"तुझं काम दिसलं."

तिनं मान खाली घातली. तिला समजवावं म्हणून ते घाईनं म्हणाले, "काम सुरेख झालंय हो. मी रागावलो नाही. माझ्या नावासाठी केलंस, कळतं मला."

"नावासाठी नाही केलं," ती म्हणाली. "यादीत घातलं की तुम्ही टेबलावरून उठाल, म्हणून केलं. दोन दिवस बोललात माझ्याशी. अकरा वर्षांत तेवढेच."

भिंगवाले उभेच राहिले. तिकीट अजून त्यांच्या खिशात होतं. मग खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले. त्यांनी बाहीला हात लावून विचारलं, "हा कोट कुणाचा आहे?"

ती सांगायला लागली.